मुक्या जनावराचे वाक्य

मराठीत 'मुके जनावर' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो, की त्यात एक विधान दडलेले आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. जनावराला वाचा नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी आपली, असा त्याचा भावार्थ. त्यामागची करुणा खरी आहे. विधान मात्र खरे नाही. गोठ्यात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हे ठाऊक असते. बैल वैरणीला तोंड लावत नाही, जू दिसताच मान फिरवतो, उभ्या उभ्या एक पाय अधांतरी धरतो, तेव्हा तो बोलतच असतो. या बोलण्यात लंगडणे हे त्याचे सर्वांत स्पष्ट वाक्य. 'आता पुरे' याहून वेगळा अर्थ त्यातून काढता येत नाही.

हे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीच खोडून टाकण्याची एक पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत घोड्यांच्या शर्यतींच्या जगात चर्चेला आली आहे. प्रौढ घोड्यांच्या एका विशिष्ट विकारासाठी मंजूर झालेली हाडांची औषधे, ज्यांची वाढही पुरी झालेली नाही अशा शिंगरांना टोचली जातात. उद्देश दोन: लिलावापूर्वीच्या क्ष-किरणचित्रात हाड निर्दोष दिसावे आणि सरावात शिंगरू लंगडू नये. औषधाच्या वेष्टनावर ज्या वयासाठी व ज्या आजारासाठी परवानगी नोंदलेली असते तिच्याबाहेर जाऊन केलेल्या अशा वापराला 'ऑफ-लेबल' वापर म्हणतात.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. शिवाय हे लिहिले जात आहे वर्ध्यातून, जिथे घोड्यांचे रेसकोर्स नाही. त्याचे उत्तर असे, की हा प्रश्न औषधशास्त्राचा जितका आहे तितकाच वाचनाचा आहे. एक देह आपली अवस्था सांगत असतो, कोणीतरी ती वाचत असतो आणि कोणीतरी तिसराच तो मजकूर बदलून ठेवतो. त्या बदललेल्या मजकुरावर लाखोंचे व्यवहार होतात आणि चुकीच्या वाचनाची किंमत घोडा व त्याच्या पाठीवरचा जॉकी देतो. आणि वर्ध्याचे म्हणाल तर, घोडा नसला तरी शर्यत येथेही आहे. त्याकडे पुढे येऊ.

प्रथम हाडाविषयी. 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा शेतकरी' असे म्हणताना आपण हाडाला न बदलणाऱ्या गोष्टीचे प्रतीक मानतो. शरीरशास्त्र नेमके उलटे सांगते. जिवंत हाड सतत मोडले जात असते आणि सतत बांधले जात असते. ही दोन कामे करणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत. मोडणाऱ्या पेशीला 'ऑस्टिओक्लास्ट' म्हणतात. ग्रीक मुळांप्रमाणे त्याचा अर्थ 'हाड मोडणारी'. बांधणाऱ्या पेशीला 'ऑस्टिओब्लास्ट' म्हणतात. त्यातील 'ब्लास्ट' म्हणजे अंकुर. नावांवरून पहिली पेशी खलनायक आणि दुसरी नायक वाटेल, पण तसे नाही. हाडावर ताण आला की त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा पडतात. चिरा पडलेला भाग मोडणाऱ्या पेशी कोरून काढतात, मगच तेथे नवे हाड भरले जाते. गवंडी पोपडे आलेला गिलावा आधी खरवडून काढतो आणि मग नवा लावतो, तसेच हे. खरवडणेच बंद केले तर भिंत वरून शाबूत दिसेल, एवढेच.

शर्यतीच्या शिंगराच्या बाबतीत हे काम अतिशय वेगाने चाललेले असते. उत्तर गोलार्धात अशा घोड्यांचे वय कागदोपत्री १ जानेवारीला वाढते; त्यामुळे 'दोन वर्षांचे' म्हणवले जाणारे शिंगरू प्रत्यक्षात काही महिन्यांनी लहान असू शकते. पुढच्या पायाच्या गुडघ्यावर जे हाड आहे त्याची वाढ पुरी व्हायलाच साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात. त्या वयात चार-साडेचारशे किलोंचा देह ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावू लागतो. दौडीच्या प्रत्येक झेपेत काही क्षण हा सारा भार एकेका पायावर येतो. पुढच्या पायाची नळी दुखू लागते, सुजते, शिंगरू आखडून चालते. जाणते प्रशिक्षक अशा वेळी सराव थांबवतात. काही आठवडे गेले की हाड स्वतःला त्या भाराजोगे घडवून घेते. ते दुखणे हा त्या घडणीचा भाग आहे आणि तीच थांबण्याची सूचनाही आहे.

आता औषधाविषयी. 'बिस्फॉस्फोनेट' या वर्गातील औषधे माणसांना नवी नाहीत. अलेंड्रोनेट नावाचे औषध अमेरिकेत १९९५ साली हाडांच्या ठिसूळपणासाठी मंजूर झाले. आज आपल्या घरांतील कित्येक वयस्क स्त्रिया त्याची आठवड्याची गोळी घेतात आणि त्यामुळे खुब्याचे व मणक्याचे अस्थिभंग टळतात. उतारवयात मोडणाऱ्या पेशींचा वेग बांधणाऱ्या पेशींना झेपेनासा होतो. हे औषध हाडातील खनिजाला चिकटून बसते आणि मोडणाऱ्या पेशींना निकामी करते. रक्तातून ते लवकर नाहीसे होत असले तरी हाडात ते कित्येक वर्षे टिकते. दीर्घकाळ घेणाऱ्या थोड्या रुग्णांत मांडीच्या हाडाचे वेगळ्याच प्रकारचे अस्थिभंग आढळले आहेत, म्हणूनच डॉक्टर काही वर्षांनी औषध थांबवण्याचा विचार करतात.

घोड्यांसाठी या वर्गातील दोन औषधे, टिल्ड्रोनेट आणि क्लोड्रोनेट, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली मंजूर केली. खुराच्या आत नौकेच्या आकाराचे एक छोटे हाड असते. त्याच्या झिजेने प्रौढ घोडे लंगडू लागतात. या दुखण्यापुरतीच ती परवानगी होती. आणि तीही चार वर्षे व त्यावरील वयाच्या घोड्यांपुरती. वाढत्या हाडांवर काय परिणाम होईल याची तपासणी झालेली नसल्याने वयाची ही अट वेष्टनावरच होती. म्हणजे ज्या वयाच्या घोड्यांना औषध देऊ नये असे लेबल सांगत होते, त्याच वयाच्या घोड्यांच्या बाजारात त्याला मागणी आली.

कारण उघड आहे. शिंगराच्या लिलावापूर्वी त्याच्या सांध्यांची क्ष-किरणचित्रे खरेदीदारासाठी ठेवली जातात. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन छोटी हाडे असतात. तिळाच्या दाण्यावरून त्यांना नाव मिळाले आहे. त्यांत झिजेच्या रेघा दिसल्या की किंमत घसरते. मोडणाऱ्या पेशींचे काम थांबवले तर या खुणा पुसट होऊ शकतात. शिवाय या औषधांना वेदना कमी करण्याचाही गुण आहे. चित्र स्वच्छ होते, चाल सरळ होते, आणि दोन्ही गोष्टी खरेदीदाराला जे सांगतात ते हाडाबद्दल खरे नसते. साहित्यात आपण प्रक्षिप्त मजकुराबद्दल बोलतो. मूळ पोथीत कोणीतरी मागाहून घुसवलेल्या ओव्या जाणकाराला शैलीवरून ओळखू येतात. येथे मूळ पोथीच बदललेली असते आणि ताडून पाहायला दुसरी प्रत नसते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. पशुवैद्यकात लेबलबाह्य वापर ही रोजची गोष्ट आहे, कारण जनावरांसाठी म्हणून तपासून मंजूर झालेली औषधे थोडी आहेत. शेळीला किंवा उंटाला औषध देताना पशुवैद्याला अनेकदा आपल्या अनुभवाचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही. दुसरे असे, की बिस्फॉस्फोनेट दिलेल्या शिंगरांत अस्थिभंग वाढतात हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. कुत्र्यांवरील प्रयोगांत मात्र या औषधांनी दुरुस्ती मंदावून हाडांतील सूक्ष्म चिरांचा साठा वाढलेला दिसला आहे. तेव्हा धोक्याची शंका केवळ भीतीपोटी आलेली नाही, आणि अभय देण्याजोगा पुरावाही नाही. अशा अर्धवट प्रकाशात जो प्रयोग चालतो तो ज्याच्या देहावर चालतो त्याला विचारून चालत नाही. आणि ज्याची वेदना कमी केल्याचे सांगितले जाते, त्याला ती वेदना थांबलेली असल्यामुळेच अधिक पळवले जाते. प्रौढ घोड्याच्या झिजलेल्या खुरावर उपचार करणे आणि शिंगराच्या घडत्या नळीला गप्प करणे, ही दोन कामे एकाच बाटलीतून झाली तरी एकच नव्हेत.

नियामकांना हे पटले. ब्रिटनमध्ये २०१७ पासून साडेतीन वर्षांखालील शर्यतीच्या घोड्यांना ही औषधे देण्यास बंदी आली. कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर २०१८-१९ च्या एका हंगामात तीस घोडे दगावले. त्याची कारणे अनेक होती, पाऊस आणि मैदानाची अवस्था ही त्यांपैकीच. तो दोष एका औषधावर ढकलणे चूक ठरेल. पण घोड्यांच्या पायांत नेमके काय चालले आहे हा प्रश्न त्या हंगामाने सर्वांपुढे आणला. त्याच वर्षी केंटकीतील मोठ्या लिलावगृहांनी कोवळ्या घोड्यांत हे औषध आढळल्यास व्यवहार मोडण्याचा हक्क खरेदीदाराला दिला. २०२३ साली अमेरिकेत नव्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे औषधनियम लागू झाले आणि शर्यतीच्या घोड्यांसाठी ही औषधे पूर्णतः निषिद्ध ठरली. तरीही अडचण उरतेच: काही आठवड्यांनी रक्त-लघवीच्या तपासणीत जे सापडेलच असे नाही, ते हाडात वर्षानुवर्षे बसून असते.

हे सारे दूरदेशीचे आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी गिधाडांची आठवण करावी. एका प्राण्यासाठीच्या औषधाचा वापर ठरलेल्या चौकटीबाहेर गेला की काय होते याचा भारताइतका कडू अनुभव क्वचितच कोणाला आला असेल. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दुखऱ्या गाईबैलांना सर्रास दिले जाई. अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होई. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन थांबवले गेले. तेव्हा माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोचू लागल्या, आणि अखेर २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपीही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित करावी लागली. औषध गावच्या दुकानात मिळते, लेबल इंग्रजीत असते, आणि लंगडणारा बैल उद्या कामाला हवा असतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की चौकट मोडते. त्यासाठी कोणी दुष्ट असण्याची गरज नसते.

आता वर्ध्याकडे. आर्वी, आष्टी, कारंजा हा भाग गवळाऊ या देशी गोवंशाचा. पांढऱ्या-राखी रंगाचे, हलक्या बांध्याचे, झपझप चालणारे हे बैल. त्यांच्या चालीमुळे मराठ्यांच्या सैन्याच्या वाहतुकीत त्यांना मान होता असे सांगतात. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या वंशाच्या संवर्धनाचे शासकीय केंद्र आहे. आणि विदर्भात बैल पळवण्याची जुनी रीत म्हणजे शंकरपट. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. पट पुन्हा भरू लागले. धुरकऱ्यांची नावे पुन्हा गावोगाव घेतली जाऊ लागली, चांगल्या जोडीची किंमत लाखांत बोलली जाऊ लागली. पश्चिम महाराष्ट्रातील शर्यतींत तर दातांवरून वर्ग पाडलेले असतात: आदत, दुसा, चौसा. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दातही अजून पडलेले नाहीत असा खोंड. केंटकीच्या लिलावातले शिंगरू आणि आपला आदत खोंड यांची हाडे एकाच अवस्थेत असतात: दोन्ही घडत असतात.

येथे गैरसमज नको. पटाच्या बैलांना बिस्फॉस्फोनेट टोचले जाते असा आरोप मी करीत नाही. पट हा शेतकऱ्याचा उत्सव आहे आणि आपल्या जोडीवर पोटच्या पोरासारखी माया करणारे मालक मला ठाऊक आहेत. माझे म्हणणे एवढेच, की ज्या परिस्थितीने परदेशी शिंगरांच्या पायांत सुई टोचली ती परिस्थिती येथे तयार होत आहे: कोवळे जनावर, मोठी किंमत, झटपट निकाल. आपले नियम धावण्याचे अंतर हजार मीटरपर्यंत मर्यादित करतात, पशुवैद्याची तपासणी मागतात, छळ करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंडाची किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करतात. ही तरतूद चाबूक, टोचणी, विजेचा झटका अशा कातडीवर दिसणाऱ्या क्रौर्याला चांगली पकडते. जे क्रौर्य वेदना वाढवण्याऐवजी ती गायब करते, ते शर्यतीच्या सकाळी होणाऱ्या तपासणीत कसे दिसणार? तपासणाऱ्यापुढे तर सरळ चालणारा, तजेलदार खोंड उभा असतो.

टॉलस्टॉयची 'खोलस्तोमेर' ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना श्क्लोव्हस्कीमुळे परिचित असते. त्याने १९१७ साली अपरिचितीकरणाची कल्पना मांडताना तिचे उदाहरण घेतले. त्या कथेतील म्हाताऱ्या घोड्याला माणसांचा 'माझा' हा शब्द उमगत नाही. जो त्याला कधी खाऊ घालत नाही, ज्याने त्याच्यावर कधी मांडही टाकलेली नाही, तोही 'माझा घोडा' म्हणतो. वर्गात आपण हे तंत्र म्हणून शिकवतो. पण कथेत तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे तो घोड्याच्या देहाचा शेवट: एका उमद्या मालकाच्या लहरीखातर तो एकदा अमर्याद पळवला जातो आणि कायमचा मोडतो. 'माझा' या शब्दाने मिळालेला हक्क प्राण्याच्या हाडापर्यंत पोचतो, हे त्या कथेचे म्हणणे. 'ऑफ-लेबल' हा निरुपद्रवी वाटणारा शब्दही तेच काम करतो. 'कोवळ्या जनावराला धोक्याचे औषध दिले' हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते; 'ऑफ-लेबल वापर केला' म्हणताना अडखळत नाही. शिष्ट भाषेने कृतीवरचा कर्ता काढून घेतला, की जबाबदारीही कोणाची उरत नाही.

मग योग्य सुई आणि अयोग्य सुई यांतला फरक ओळखायचा कसा? त्याचे माप गांधीजींच्या चरित्रात सापडते, आणि वर्ध्याहून लिहिताना ते आठवणे अपरिहार्य आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक जायबंदी वासरू तळमळत होते. ते वाचणार नाही असे सांगितले गेल्यावर गांधीजींनी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्याचे जीवन संपवले. त्यावर देशभर गदारोळ उठला, संतप्त पत्रे आली. गांधीजींच्या निर्णयाशी आपण सहमत असू वा नसू, पण त्यांनी जी कसोटी पुढे ठेवली ती आजही उपयोगी आहे: या कृतीमागे वासराचे हित आहे की आपली सोय? पुढे १९३६ पासून ते सेवाग्रामला राहिले. १९४१ साली जमनालालजी बजाजांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले आणि आपले अखेरचे महिने वर्ध्यात त्यालाच वाहिले. त्या सगळ्या कामामागे जनावराच्या देहाकडे केवळ आपल्या उपयोगाच्या नजरेने न पाहण्याचा आग्रह होता. त्या वासराला टोचलेली सुई प्राणघातक होती, तरी ती वासरासाठी होती. लिलावाआधी शिंगराला टोचलेली सुई प्राणघातक नसेलही, पण ती शिंगरासाठी नाही.

या कसोटीतून काही साध्या गोष्टी निघतात. दुधाचे दात असलेल्या जनावराला शर्यतीत उतरवू नये. पटाच्या प्रत्येक जोडीची औषधांची वही असावी, त्यात सुईची तारीख, औषधाचे नाव आणि देणाऱ्या पशुवैद्याची सही असावी, आणि जोडी विकली गेली की वहीही नव्या मालकाकडे जावी. वेदनाशामक दिल्यानंतर अमुक दिवस जनावर पळवू नये असा नियम असावा. यासाठी परदेशी प्रयोगशाळा लागत नाहीत. पटसमित्यांनी ठरवले तर येत्या हंगामापासून हे होऊ शकते. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण पशुवैद्य या गावांतून काम करतात. त्या वहीवर सही करताना 'हे कशासाठी' असे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे आणि तो त्यांनी वापरावा.

एके काळी मराठीत घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. शब्द आता कोशात उरला आहे. त्याचे काम मात्र शिल्लक आहे: जनावर चालताना पाहायचे, ते कोणत्या पायावर भार टाकायला कचरते हे वाचायचे, आणि तसे ते कचरत असेल तर त्या दिवशी त्याला गोठ्यातच राहू द्यायचे.